हायवेकडे जाणारा बाण

३ मार्च, सकाळी ९
कोपऱ्यावरच्या खांबावर नवा बोर्ड. ‘हायवेकडे’. आणि बाण थेट आमच्या गल्लीत! आमची गल्ली तर डॉक्टरीणबाईंच्या भिंतीपाशी संपते. तीस वर्षं प्रूफं तपासतोय, एका नजरेत चूक पकडली. आजच तक्रार ठोकतो.

दुपारी
पहिला ट्रक आला. भिंतीपर्यंत गेला आणि तसाच रिव्हर्स. आमच्या फाटकापासून वीतभर अंतरावरून. टेबल हादरलं. खिडकी लावून घेतली. धुळीमुळे.

५ मार्च
आज सात ट्रक, एक टँकर. तक्रारीचा मसुदा जवळजवळ तयार. ‘निदर्शनास आणू इच्छितो’ की ‘आणून देऊ इच्छितो’, एवढ्यावरच अडलंय. ही म्हणाली, सरळ फोन करा ना. अशी कामं फोनवर होत नाहीत, हे तिला समजावलं. तिला पटलेलं दिसलं नाही.

६ मार्च, सकाळी ११.४०
पुढचा ट्रक स्वतः थांबवायचा, ड्रायव्हरशी शांतपणे पण ठामपणे बोलायचं, असं ठरवलं होतं. ट्रक आला. मी फाटकाच्या आतूनच हात केला. त्याला वाटलं, मी टाटा करतोय. त्याने खुशीत हॉर्न दिला. छातीत अजून धडधडतंय. चहा जास्त झाला असावा.

८ मार्च
लिहू नये असं वाटतंय, तरी लिहितो.
आई, वय ब्याऐंशी, रोजच्यासारखी वॉकर घेऊन गल्लीत फिरत होती. मी फाटकात. ट्रक मागे यायला लागला. आईची पाठ त्याच्याकडे, त्यात तिला कमी ऐकू येतं. मी ओरडणारच होतो. तोंड उघडलं होतं, हे पक्कं आठवतंय. तेवढ्यात ही अनवाणी धावली आणि ट्रकच्या पत्र्यावर दोन्ही हातांनी बडवत सुटली. ट्रक थांबला. चाक आणि आई यांच्यात हातभर अंतर.
ही माझ्याकडे न बघता आईला घरात घेऊन गेली. हिने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. मी फाटकाचा गज इतका घट्ट धरला होता की बोटं सोडवायला वेळ लागला.

९ मार्च
आईला घरातच बसवलंय. तिच्या सुरक्षेसाठी. ती विचारते, मग तू का बाहेर पडत नाहीस? म्हटलं, तुझ्याजवळ कुणीतरी नको का?
निर्णय पक्का. बोर्ड मी स्वतः फिरवणार. उद्या, भर दिवसा, ताठ मानेने.

१० मार्च, दुपारी
स्टूल घेऊन गेलो. चढलो. बाण ढकलून पाहिला, थोडा हललासुद्धा. इतक्यात मागे करकचून ब्रेक. वळून पाहतो तर भला मोठा ट्रेलर. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढून विचारलं, “साहेब, हायवे इकडूनच ना?”
‘नाही’ म्हणायचं होतं. अख्खं वाक्य मनात तयार होतं.
“हो, हो,” मी म्हणालो. “सरळ जा.”
वर हातही दाखवला.

संध्याकाळी
ट्रेलर अडीच तास अडकला होता. आमचं फाटक गेलं. हिने मागे उभं राहून, हात दाखवत, तो इंच इंच बाहेर काढला. मी बाथरूममध्ये होतो. पोट बिघडलंय.
ड्रायव्हरने हिला सांगितलं, कोपऱ्यावर स्टुलावर एक गृहस्थ उभे होते, त्यांनीच पाठवलं. स्टूल अजून तिथेच होतं. आपलंच आहे, हे हिने ओळखलं. मी म्हटलं, हल्ली लोक काय वाट्टेल ते चोरतात.
हिने जाऊन स्टूल उचलून आणलं. मग म्हणाली, “भीती वाटते, एवढं सांगायचंत. मी गेले असते.”
भीतीचा प्रश्नच कुठे येतो?

१२ मार्च
काल हिने फोन केला. आज माणूस आला, पाना फिरवला, बाण योग्य दिशेला केला. चार मिनिटं. मसुदा आता पाठवत नाही. उगाच कशाला कुणाला दुखवा?

१३ मार्च
दिवसभरात एकही ट्रक नाही. संध्याकाळी आईला फिरायला नेलं. समोरून एक स्कूटर आली. आईने वॉकरवरचा एक हात काढला, माझं मनगट धरलं आणि मला भिंतीकडे ओढून घेतलं.
डॉक्टरीणबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, बरं केलंत, आईंना बाहेर आणलंत. म्हटलं, हो ना, एकटीला भीती वाटते तिला.
आईने घर येईपर्यंत माझं मनगट सोडलं नाही.