पहिल्या रांगेतलं हसू

भोर, २४ एप्रिल २०२३

चि. श्रीनिवास यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे तीन फोन येऊन गेलेले दिसले. उचलले नाहीत म्हणून रागावू नकोस, हल्ली त्यात नुसती खरखर असते. पत्र लिहायचं तुझ्या जिवावर येतं हे ठाऊक आहे, पण बहिणीसाठी तेवढं सोस.

तुझ्या वल्लरीचं पहिलं नाटक, म्हणजे आत्यानं यायलाच हवं. १४ मेला सकाळच्या एसटीनं येते, संध्याकाळच्या गाडीनं परत. मुक्कामाचा आग्रह नको. गंधारनं बंगळूरहून पत्रानं बजावलंय, की आई, पुण्याची ही एक फेरी एकटीनं धड केलीस तर भोरला राहा, नाहीतर जूनमध्ये न्यायला येतो. अहवाल तुझ्याकडून घेणार आहे म्हणे. पोटच्या पोरानं परीक्षा घ्यायची आणि मामानं पेपर तपासायचा! हसू येतं खरं, पण धास्तीनं अन्न गोड लागत नाही. सत्तेचाळीस वर्षं या घरात काढली, आता कुठल्या बाराव्या मजल्यावर जाऊन बसू?

दोन मागण्या आहेत. तिकीट पहिल्या रांगेतलं काढ, आणि नाटकाची वही आधी पाठव. वाचून आलं की गोडी वाढते.

टोपीशिवाय मंडईत जाऊ नकोस. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी अक्का,
कुसुम

कसबा पेठ, पुणे, २९ एप्रिल

ती. अक्कास,
श्रीनिवासचा सा. न. वि. वि.

वही सोबत आहे. वल्लरीच्या टेबलावरून उचलून झेरॉक्स काढली, तिला बोललो नाही. तालमीत रोज काहीतरी बदलतात म्हणते, पण बदलून बदलून किती बदलणार?

पहिल्या रांगेत मान दुखते. शहाणी माणसं सातवी घेतात. तरी तुझ्यासाठी काढलं. शेजारचं मिळालं नाही, मी मागे बसेन. साडेबाराचा प्रयोग आहे. स्वारगेटला दहाला चौकशीच्या खिडकीपाशी उभा असेन. ऊन मरणाचं आहे, पाणी घेऊन नीघ. मला आत्तापासून काळजी लागली आहे. काही अडलं तर फोन कर, आणि कृपा करून आलेला उचल.

लोभ कमी पडला तर कळवीनच.

तुझा,
श्रीनिवास

कसबा पेठ, १६ मे

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

स्वारगेटला मी तुला मागून तीन हाका मारल्या. तू ढिम्म. तरातरा रिक्षांकडे निघालीस, मी धावत येऊन गाठलं. वाटलं, मला यायला पाच मिनिटं उशीर झाला म्हणून फुगलीस. रिक्षातही तू एकटीच बोलत होतीस. ते सोडून दिलं.

पण दुसऱ्या अंकाचं काय? वल्लरी डबा उघडते, त्यात वारलेल्या सासूचं मंगळसूत्र निघतं, ती पदरात तोंड लपवून रडते. सगळं नाट्यगृह चिडीचूप, आणि पहिल्या रांगेतून तू खो खो हसलीस. एकटी. माझ्या मागचे गृहस्थ म्हणाले, आजींना पुढच्या वेळी सर्कशीचं तिकीट काढून द्या.

वल्लरी दोन दिवस धड जेवलेली नाही. आत्याला माझं रडणं इतकं खोटं वाटलं का, असं विचारते. गंधारचा फोन दोनदा आला. मी काही बोललेलो नाही. काय सांगू, ते आता तूच सांग.

काळजीत असलेला,
श्रीनिवास

भोर, २० मे

चि. श्री यास, आशीर्वाद.

तू पाठवलेल्या वहीत त्या डब्यात कवळी होती रे. सासऱ्याची हरवलेली कवळी. सून पदरात तोंड लपवून हसत सुटते, खांदे गदागदा हलतात, असं लिहिलंय. पोरीचे खांदे हलले आणि मी हसले.

मला ऐकू येत नाही, श्री. दिवाळीपासून डावा कान गेला आणि उजव्याचंही तेच चाललंय. म्हणून फोन नको, म्हणून पहिली रांग, म्हणून वही. रोज वाचून पाठ केली, हसायच्या जागी पेन्सिलीनं खुणा केल्या. बाकीचे हसतात की नाही, हे मागे वळून बघायचा धीर झाला नाही. तू हाका मारल्यास, तेही तुझ्या पत्रातूनच कळलं.

वल्लरीची मी माफी मागते. तिला म्हणावं, पोरी, पोटभर जेव. आणि मला भीती वाटते, श्री. इथल्या भाजीवालीचे, पोस्टमनचे, शेजारणीचे ओठ मला पाठ आहेत. बंगळूरला कुणाचे वाचू?

तुझ्याच भरवशावर असलेली,
अक्का

कसबा पेठ, २४ मे

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

सहा महिने तू फोन उचलत नाहीस म्हणून मी तुला माजोरडी म्हणत होतो. मला लाज वाटते. बदलाआधीची जुनी वही पाठवायचा घोळही माझाच.

गंधारला सांगितलं, की अक्का एकटी आली, एकटी गेली, गाडी चुकली नाही. हे सगळं खरं आहे. उरलेलं तू सांगायचंस, पण कान दाखवल्यावर. १ जूनला, गुरुवारी, डॉक्टरांची वेळ घेतली आहे. यंत्राचा उपयोग होईल, असं त्यांना वाटतंय. यंत्र लावून माणसं भोरलाही राहतात, हे मी भाच्याला पटवीन. मामा कशाला असतो?

वल्लरी तुझं पत्र वाचून रडली, मग जेवायला बसली. पुढच्या प्रयोगासाठी नवी वही स्वतः लिहून काढते आहे.

माझ्यावरचा राग सोडून ये, एवढंच मागणं.

तुझाच,
श्रीनिवास

ता. क. स्वारगेटला त्याच खिडकीपाशी असेन. या वेळी हाक मारणार नाही. तुझ्या समोर येऊन उभा राहीन.