तीन शतांश

प्रिय बाबलीकाका,

फोन तुम्ही उचलत नाही. काकींना केला तर म्हणतात, ते निजलेत. सकाळी अकरा वाजता? तुम्ही जन्मात कधी अकराला निजला नाहीत. म्हणून हा कागद. तुमचा सुदेश आज कुडाळला बाजाराला आलाय, तो परत जाताना त्याच्या हाती देणार. तो गेटवर ताटकळलाय आणि मी मापं तपासायच्या गेज रूममध्ये उभ्याउभ्या लिहितेय, कारण बसवत नाही. चार कागद फाडून झाले. सकाळपासून तीनदा चहा केला आणि तिन्ही वेळा निववून ओतून टाकला.

इथलं, कारखान्यातलं सांगायचं तर तुमच्या बोअरिंग मशीनवर नवा माणूस आलाय. बरा आहे, पण संध्याकाळी मशीनखालचा कीस झाडत नाही. मला त्याचा उगाच राग येतो, त्या बिचाऱ्याचा काय दोष? मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की बाबली म्हातारा झाला, नाइलाजाने घरी बसवला. सुदेशकडून कळलं की तुम्ही मालवणच्या बंदराकडे फिरकतही नाही, मासळीसुद्धा काकीच आणतात, कारण तिथे कुणीतरी तोंडावर म्हणालं, "बाबलीचो हात गेलो." एकतीस वर्षं अर्ध्या बंदराची इंजिनं ज्या हाताने केली त्याला हे ऐकून घ्यावं लागलं. ते कळल्यापासून मला जेवण जात नाही.

पहिल्या दिवशी मी डिप्लोमाचा तोरा घेऊन आले होते, आठवतं? आतला व्यास मोजायचं बोअर गेज इंजिनाच्या लायनरच्या नळीत सरळ उभं धरलं आणि मोठ्या ऐटीत आकडा सांगितला. तुम्ही हसलात. माझ्या हातातून दांडी घेतलीत आणि पाळण्यासारखी हळू डुलवलीत. वरच्या तबकडीतला काटा मागे गेला, थबकला, परत फिरला. "काटो जंय फिरता गो, थंयच खरा माप," म्हणालात. तीन वर्षांचं शिक्षण एका वाक्यात खाली बसवलंत. त्यानंतर महिनाभर तुम्ही मला 'मॅडम' म्हणून छळत होतात, आणि डब्यातला बांगडा मात्र रोज अर्धा माझ्या ताटात घालत होतात.

मग जुलैतलं ते काम. मासेमारीची बंदी उठायच्या आत चार बोटींचे चोवीस लायनर द्यायचे होते. मी माप सांगायची, तुम्ही कापायचात. पहिला झाला तेव्हा पिस्टन आत घालून बघून तुम्ही म्हणालात, जरा घट्ट वाटता. मी म्हटलं, काका, गेज शून्य दाखवतंय. तुम्ही माझ्यावर विश्वास टाकलात आणि उरलेले तेवीस तसेच कापलेत. ऑगस्टात बोटी सुटल्या. त्या चारांतली मितेशची बोट पहिल्याच फेरीत बंद पडली, पिस्टन लायनरमध्ये जाम झाला होता. दुसऱ्या दिवशी आणखी एक. दुसऱ्या बोटीने ओढून आणलं म्हणून बरं, माणसं सुखरूप आली.

सगळे लायनर परत आले. त्या संध्याकाळी गेजचं शून्य नव्याने लावून मी एकेक मोजला. चोवीसच्या चोवीस, तीन शतांश मिलिमीटर कमी. तुम्ही दारात आलात, कागदावरचे आकडे वाचलेत, गेजचं शून्य जिच्यावर लावतात ती टेबलावरची रिंग उचललीत, तिचं लाकडी खोकं नाकाशी नेलंत आणि परत ठेवलंत. आणि सकाळी ऑफिसात मालकांनी विचारलं तेव्हा मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "माझो हात हालता आता. पोरीचा माप बरोबर आसा."

काका, हात हलला असता तर एक कमी, एक जास्त झाला असता. चोवीस लायनर एकसारखे चुकतात ते हाताने नाही, शून्य चुकल्याने. हे मला तुम्हीच शिकवलंय. मालकांना त्यातलं कळत नाही, तुम्हाला कळतं. आणि मला कळत असून मी तिथे मान खाली घालून उभी राहिले. दिवाळीत मला कायम करणार होते ना. लाज वाटते लिहायला, पण हेच होतं मनात.

त्या खोक्याला खोबरेलाचा वास होता. मीच लावलं होतं. जुलैत तीन दिवस कारखाना बंद राहणार होता, गंज टाळायचं तेल संपलेलं, आणि या दमट हवेत रिंगला रातोरात गंज धरतो. आपल्याकडे कोयत्यापासून शिलाई मशीनपर्यंत सगळ्याला खोबरेलच. पर्समधल्या बाटलीतलं चोपडलं. चौथ्या दिवशी आले तर रूमचा एसी पहाटेपासून वीसवर. खोबरेल थिजलं होतं. मी वरवर फडकं मारलं, आत पातळ थर राहिला तो दिसला नाही, आणि त्या थरावर गेजचं शून्य लावलं, ते चोवीस लायनर होईपर्यंत पुन्हा तपासलं नाही. रिंगच तेवढी लहान झाली, पुढचं सगळं तिच्यामागून चुकत गेलं. दुपारी लाइट गेली, तेल वितळलं, रिंग पुन्हा चोख. कुणाला पत्ता लागणार?

परवा हे सगळं मालकांना लेखी दिलं. त्यांनी कागद घडी घालून खणात ठेवला. म्हणाले, बाबलीने कबूल केलंय, तू कशाला उकरतेस? गेज रूम चुकते असं बाहेर गेलं तर गिऱ्हाईक फिरकणार नाही. म्हणून उद्या पहिल्या एसटीने मी मालवणला येतेय. मासळीच्या लिलावाला सगळे जमतात तेव्हा मितेशच्या बोटीपाशी उभी राहून सांगणार आहे. मालक काढतील तर काढू देत. भीती त्याची नाही, तुमची आहे. मी सांगितलं की लोक तुम्हाला विचारायला येणार, आणि तुम्ही पुन्हा हात हालता म्हणालात तर ते तुमचंच ऐकतील. पोरगी दया दाखवायला आली म्हणतील. हे पत्र तेवढ्यासाठी. माझ्यासाठी एकदा खोटं बोललात, पुरे झालं. उद्या बंदरावर या, नाहीतर घरीच बसा, पण कुणी विचारलं तर एवढंच म्हणा, "होय, पोरगी खरा सांगता."

तुमचीच,
अक्षया