पूल सोडून बर्फावरून

६ जानेवारी १९८५, रविवार

आले! दोघंही आले!

मी सकाळपासून धरून चालले होते की एक जण तरी फोन करून कारण सांगणार. लोवेल म्हणेल पाठ धरली, गॉर्डी म्हणेल दुधाच्या टँकरची फेरी आहे. पण दुपारी माझे दोन्ही भाऊ माझ्या तळघरात हजर. टेबलाच्या दोन टोकांना बसले. मधे माझी मैत्रीण बर्नाडीन आणि चीजची थाळी. ताजं चीज होतं, दाताखाली करकरणारं. बराच वेळ तेवढाच आवाज!

डिसेंबरात गॉर्डी लोवेलची गाडी घेऊन गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला गेला, गाडी थेट बर्फावर घातली. बर्फ अजून कोवळा होता हे शेंबडं पोरही सांगेल. गाडी तळाला गेली, गॉर्डी पाण्यात. लोवेल काठावर होता, तो दोर आणायला धावला, पण त्याआधीच जवळच मासे धरत बसलेल्या म्हाताऱ्या झास्त्रोने आपला दोर टाकून गॉर्डीला ओढून काढलं. आणि संध्याकाळी दवाखान्यात लोवेल काय म्हणाला? "आजपासून माझ्याशी बोलू नकोस." एका गाडीपायी! सख्ख्या भावाला!

मला वाटलं, आमचा सोंगं घेऊन खेळायचा खेळ मोडला. दहा वर्षांचा रविवार गेला. पण तसं झालं नाही. कारण आमचा नियम - टेबलावर खरं नाव घ्यायचं नाही. जो घेईल त्याने माझ्या दारापुढचा बर्फ उपसायचा. म्हणजे लोवेल गॉर्डीशी बोलतच नव्हता. त्याचा बुटका बोरगाम गॉर्डीच्या फिंच नावाच्या चोराशी बोलत होता. आणि ते दोघं चिकार बोलले. फिंचने बोरगामचं शिरस्त्राण पळवून त्यात कोंबडीचं सूप शिजवलं. बोरगाम म्हणाला, "चोरा, तुझे हात तुझ्याच दाढीला बांधीन." फिंच म्हणाला, मला दाढीच नाही. दोघंही हसले - एकमेकांकडे बघून नाही, पण हसले.

मग कोट चढवले. एक पुढच्या दाराने गेला, एक स्वयंपाकघरातून.

असो. जीव भांड्यात पडला.

७ जानेवारी

आईचा फोन. बोलले का? - बोलले, पण खेळात. - म्हणजे बोलले की नाही? तिला परत एकदा समजावलं. मी गोष्ट सांगते, हे तिघं त्यातली माणसं होतात, काय करायचं ते ज्याचं तो ठरवतो, आणि जमलं की फसलं हे फासा सांगतो, मोठा आकडा पडला तर जमलं. "म्हणजे चाळिशीतली माणसं भातुकली खेळतात," आई म्हणाली. होय आई. अगदी तसंच.

ती म्हणाली, ईस्टरच्या जेवणाला दोघं एका टेबलाशी बसले नाहीत तर मी स्वयंपाकच करणार नाही. तिचा आवाज बरा नव्हता. मला रडू आलं, तिला कळू दिलं नाही.

२० जानेवारी

खेळ नाही. थंडी इतकी की एकाचीही गाडी सुरू होईना. (एकाकडे तर गाडीच नाही. असा विनोद इथेच, पानावर करायचा.)

३ फेब्रुवारी, रविवार

घोटाळा केला! माझ्यासारखी मूर्ख मीच.

आज खेळातल्या मंडळींना ठरवायचं होतं - दक्षिणेच्या जंगलातून जायचं की उत्तरेच्या वाटेने. बर्नाडीनची जादूगारीण ओडिला म्हणाली, उत्तर. फिंच म्हणाला, उत्तर. बोरगाम गुरगुरला, म्हणजे हो. मी खुशीत नकाशा उलगडून मांडला. शरद ऋतूत तीन संध्याकाळी बसून काढलेला, निळी शाई, छायाबिया. मिरवायची हौस ना! मांडला, आणि मग दिसलं. उत्तरेच्या वाटेवर मधोमध गोठलेलं तळं.

मी ते सप्टेंबरात काढलं होतं. तेव्हा कोण बुडालं होतं?

गॉर्डी चीज खात राहिला. लोवेलने मान खाली घालून नकाशा आपल्या चौकटींच्या कागदावर पेन्सिलीने उतरवून घेतला, नेहमीसारखा. तळ्याचा काठ अगदी जपून काढला.

४ फेब्रुवारी

लायब्ररीत बर्नाडीनला गाठलं. ती पुस्तकांवर शिक्के मारत होती. म्हणाली, तळं उचल, कुरण कर, कोण विचारतंय. मी म्हटलं, लोवेल विचारेल. त्याने उतरवून घेतलंय, आणि कागदावर आलेलं बदलायचं नाही हे आम्हीच ठरवलं आहे. एकदा मी नकाशातलं एक दार गुपचूप हलवलं तर तो महिनाभर मला टोचत होता.

मग तिनेच तोड काढली. बदलायचं नाही, पण भर घालायला काय हरकत! तळ्याच्या टोकाला एक दगडी पूल. बर्फ पडला होता म्हणून आधी दिसला नाही. पुलावर एक म्हातारा राक्षस, झोपाळू, दोन कोडी सोडवली की वाट देणारा. सगळे पुलावरून जातील, बर्फाला पाय लागणार नाही.

किती हलकं वाटलं! घरी येऊन राक्षसाची कोडी लिहिली. गाढवालाही सुटतील अशी.

१७ फेब्रुवारी, रविवार

सगळे आत्ताच गेले. लगेच लिहिते.

पूल दाखवला. राक्षस घोरवला. बर्नाडीन लगेच म्हणाली, ओडिला पुलाकडे निघते. मी सुस्कारा सोडणार, तेवढ्यात गॉर्डी म्हणाला, "फिंच बर्फावरून जातो."

मी म्हटलं, पूल आहे. तो म्हणाला, दिसला. मी म्हटलं, राक्षस अगदी गरीब आहे. तो म्हणाला, असू दे, फिंच वजनाला हलका आहे. बर्नाडीनने टेबलाखालून त्याला लाथ मारली - मला आवाज आला! तो ढिम्म. वीस बाजूंचा फासा उचलला आणि टाकला.

तीन.

काय करणार? फासा सगळ्यांसमोर पडला होता. मी सांगितलं, बर्फ फुटतो, फिंच पाण्यात. पुढचं वर्णन मला जमेना. लोवेलकडे बघायची हिंमत होईना.

लोवेल म्हणाला, "बोरगाम उडी मारतो."

बर्नाडीन हळूच म्हणाली, अंगात लोखंडी चिलखत आहे, बुटका दगडासारखा जाईल.

"मग काढतो."

मी नियम सांगितला, सांगावाच लागला - काढेपर्यंत फिंच बुडेल.

"मग चिलखतासकट."

त्याचा चेहरा पांढराफटक. फासा टाकला तो टेबलावरून खाली गेला, आम्ही सगळे वाकून बघतोय. चार! चारावर कोणी तरत नाही. मी म्हटलं, बोरगाम खाली चालला आहे.

आणि गॉर्डी खुर्ची मागे ढकलून उभा राहिला. "लोवेल, पुरे! मागे फिर!"

लोवेल. डिसेंबरनंतर पहिल्यांदा.

लोवेल गॉर्डीपुढच्या, फिंचची माहिती लिहिलेल्या कागदाकडे बघत होता. म्हणाला, "नाही फिरणार." मग परत, जरा मोठ्याने, "गॉर्डी, मी मागे फिरणार नाही."

बर्नाडीन खरी शहाणी बाई. ती काही न झाल्यासारखी म्हणाली, ओडिला पुलावरून दोर टाकते, बोरगामने एका हाताने दोर धरावा, दुसऱ्या हाताने चोर. मी म्हटलं, टाक फासा. लोवेलने टाकला. एकोणीस! आम्ही असे ओरडलो की वरच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. दोघंही बाहेर! ओले, निळे, पण बाहेर!

मग बर्नाडीनने चष्मा पुसला आणि म्हणाली, "नियम म्हणजे नियम. फावडी दाराशी आहेत."

दोघं गेले उपसायला. मी खिडकीतून पाहत होते. आधी दोघं आपापल्या कडेने उपसत होते, बोलणं नाही. मग लोवेल काहीतरी म्हणाला आणि गॉर्डीने फावडंभर बर्फ त्याच्या टोपीवर ओतला. मी खिडकीशी उभी राहून हसत होते आणि नाक पुसत होते. इतकं सुटल्यासारखं मला या सबंध हिवाळ्यात वाटलं नव्हतं.

१८ फेब्रुवारी

आईला फोन केला. ती म्हणाली, मग ईस्टरला डुकराची तंगडी मोठी आणते.

३ मार्च, रविवार

लोवेल आज तासभर लवकर आला. गॉर्डी आधीच स्वयंपाकघरात कॉफी पीत होता. लोवेलने कोटही काढला नाही. म्हणाला, तो त्या दिवशी दोर आणायला धावलाच नव्हता. काठावर उभा राहिला होता. पाय उचललाच नाही. गाडीसाठी तो कधीच चिडला नव्हता, त्याला गॉर्डीच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

गॉर्डीने कप खाली ठेवला. "मला माहीत आहे रे. पाण्यातून काठच तर दिसत होता."

लोवेल कोटासकट खुर्चीत बसला.

मला एकदम फिंचचं ते बर्फावरून जाणं आठवलं. मी गॉर्डीला विचारलं, पूल होता ना, मग बर्फावरून का गेलास?

तो म्हणाला, "त्याला उडी मारायला मिळावी म्हणून."