मागचं पान वाचायचं नाही

१ मार्च, सकाळी ७
कादंबरी सुरू. तीन महिन्यांची रजा मंजूर. ३१ मेला पहिला ड्राफ्ट हातात.
बावीस वर्षं आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढतोय. खिडकी कुठे, जिना कुठे, सगळं आधी ठरलेलं. पुरे झालं! कादंबरीला प्लॅन नाही. पात्रं आपल्या पायांनी चालतील, मी नुसता मागून जाणार. नियम दोनच. रोज पाच पानं. आणि लिहिलेलं पान पुन्हा वाचायचं नाही, ओघ तुटतो.
बायको पाणी तपासणीच्या लॅबमध्ये आहे. तिला दुसऱ्या शहरात लॅबप्रमुखाची जागा देऊ केलीय. तिघांनी मिळून जाऊ म्हणते. मी म्हणालो, ओघ. मग म्हणाली, मेअखेरपर्यंत ती उत्तर लांबवेल, तोवर मी पुस्तक संपवायचं आणि येणार की नाही ते सांगायचं. केवढा विश्वास माझ्यावर!

सकाळी ११
पहिलं वाक्य झालं. उत्तम आहे. पुन्हा वाचलेलं नाही, पण आठवतंय.

४ मार्च
एकूण पानं सहा. हिशोबाने वीस हवी होती, पण सुरुवात जड असतेच.
नायक दीपगृहाचा रखवालदार. एकटा, उदास, दाढीवाला. आज घरी प्लंबर आला होता, दोन तास ठोकाठोक. नंतर लिहायला बसलो तर दीपगृहाच्या दारात प्लंबर उभा! मी बोलावलं नव्हतं. याला म्हणतात जिवंत पात्र.

११ मार्च
घरातले तिसरे म्हणजे सासरेबुवा. कोर्टात छत्तीस वर्षं टायपिस्ट होते. साक्षीदार बोलेल ते जसंच्या तसं उतरवायचं, पदरचं काही घालायचं नाही. माझी पानं टाइप करून देतो म्हणाले, आपणहून. अट एकच. रोज संध्याकाळी प्रत्येक पानाखाली मी ‘वाचून पाहिले, बरोबर आहे’ असं लिहून सही करायची. सहीशिवाय पान फाइलला लागणार नाही.
नियम क्रमांक दोन आडवा आला. तोडगा काढला. वाचायचं नाही, सही ठोकायची. सासरेबुवांनी नुसतं चष्म्यावरून बघितलं.

२ एप्रिल
पान ७२. प्लंबरला बहीण निघाली. बहिणीला घटस्फोट हवाय. नायक पान चाळीसपासून जिन्यावर उभा आहे, त्याला खाली आणायला कारण सापडत नाही. येईल आपोआप.
सासरेबुवांनी विचारलं, जावईबापू, दीपगृहाला समुद्र आहे की नाही, कारण पान पस्तीसला ते रेल्वे स्टेशनच्या मागे आहे. मी म्हणालो, ते प्रतीक आहे. ते म्हणाले, कोर्टात असं बोललं तर समोरचा वकील उलटतपासणी घेतो. जाऊ दे. गाढवाला गुळाची चव काय.
(सासऱ्यांबद्दल असं लिहू नये. पण खोडायचं नाही, ओघ.)

१९ एप्रिल
पाच दिवस एकही पान नाही. कारणं : टेबल डुगडुगत होतं. पायाखाली पुठ्ठा घातला तर उंची बदलली. उंची बदलल्यावर खुर्ची नडायला लागली. उद्यापासून रोज सात पानं.
बायको नव्या गावच्या क्वार्टरबद्दल सांगत होती. तीन खोल्या आहेत, एकीत सकाळचं ऊन येतं, ती मला लिहायला. मी म्हणालो, आत्ता नको, बहीण रडतेय. तिने विचारलं, कोणाची? प्लंबरची, म्हणालो. ती उठून आत गेली. गोष्टीत गुंतलेली दिसते.

६ मे
पान १२१. आज अखेर नायिका आली! सासरेबुवा म्हणतात, ती पान नव्वदलाच येऊन गेली, डोळे घारे होते. माझ्या आजच्या नायिकेचे काळे आहेत. असू देत, दोन नायिका.
ऑफिसातून साहेबांचा फोन. जूनला नक्की येतोस ना? मी म्हणालो, बहुधा गरज पडणार नाही. साहेबांनी लगेच फोन ठेवला. हेवा वाटला असणार.

१४ मे, संध्याकाळी ६
बायको दारात येऊन म्हणाली, आजच्या गठ्ठ्यात तिचा क्वार्टरचा फॉर्म ठेवलाय, नीट वाच, विचार कर, मग सही कर. हो म्हणालो. वाचशील ना, असं पुन्हा विचारलं. पुन्हा हो म्हणालो. दर वेळी दोनदा काय सांगायचं!
साठलेली पानं धरून एकवीस सह्या, चार मिनिटांत. रेकॉर्ड.

२५ मे
सहा दिवस उरले आणि शेवटाचा पत्ता नाही. प्लंबरला मारायला गेलो, मरत नाही. बहीण आता वकील झालीय. कशी, देव जाणे. रोज दहा पानं केली तर जमेल. जमणारच.
बायको हल्ली गप्प असते. मला शांतता मिळावी म्हणून.

३१ मे, दुपारी २
संपली! पूर आणला. सगळे बुडाले. पान १८४, समाप्त.

दुपारी ४
सांगायला धावत गेलो तर ती कपाटातले कपडे बॅगेत भरत होती. उद्या हजर व्हायचंय म्हणाली. फॉर्मची कॉपी हातात दिली. दोन चौकोन, ‘कुटुंबासह’ आणि ‘एकटे’. खूण मी करायची होती. दोन्ही कोरे. खाली माझ्याच अक्षरात, वाचून पाहिले, बरोबर आहे. आणि सही.
कोरा फॉर्म म्हणजे एकटे, असा तिथला नियम. तिला एक खोली मिळालीय.
मी म्हणालो, अगं, वाचलाच नव्हता. ती म्हणाली, तिला सही बघताच कळलं होतं. दहा-बारा दिवस फॉर्म पर्समध्ये घेऊन फिरली, मी काहीतरी विचारेन म्हणून. मग ऑफिसात दिला.
मी त्या दिवसांत प्लंबरला मारत होतो.

४ जून
ती गेली. सासरेबुवा मागे राहिले होते, कारण चोवीस पानं टाइप व्हायची होती आणि हातात घेतलेलं काम ते अर्धं सोडत नाहीत. आज झाली. सोबत विसंगतींची यादी, एकोणसाठ कलमं. कलम सतरा : प्लंबर पान ६६ वर वारला, ७१ वर चहा पितो. कलम एकोणसाठ : नायक जिन्यावरून उतरल्याची नोंद नाही, बुडाल्याचीही नाही.
पहिल्यांदाच सगळं वाचून काढलं. भिकार आहे. यादीत त्यांनी पुष्कळ सोडून दिलंय, मायेपोटी.
दुपारच्या गाडीने टाइपरायटर घेऊन लेकीकडे गेले. निघताना म्हणाले, जावईबापू, साक्षीदार म्हणून तुम्ही प्रामाणिक आहात, फक्त घटनास्थळी हजर नव्हता.

९ जून, संध्याकाळी ६
तिचा फोन. अजून ‘कुटुंबासह’ करून मिळेल, पण उद्या संध्याकाळी पाचच्या आत. त्यानंतर दोन वर्षं नाही. येणार आहेस का, एवढंच विचारलं. हो अगदी ओठांवर होतं. तोंडातून निघालं, बघू, कसं सुचतंय ते. बरं म्हणाली.
मूर्ख आहे मी. शुद्ध मूर्ख. पण आता पुन्हा आयत्या वेळी सुचेल यावर विसंबायचं नाही. यावेळी रीतसर आराखडा. आधी माफी, मग कारणं, मग हो. उद्या सकाळपासून बसतो.

१० जून, संध्याकाळी ५.४०
सात मसुदे झाले. सातवा उत्तम. सुरुवात, मध्य, शेवट, एक वाक्य इकडचं तिकडे नाही. तीनदा वाचून पाहिला. मग फोन लावला.
ती म्हणाली, क्वार्टरच्या ऑफिसची खिडकी पाचलाच बंद झाली, साडेचारपासून ती तिथेच रांगेत उभी होती, फोन हातात धरून. मी म्हणालो, ऐकून तरी घे. सगळं वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं.
छान लिहिलंयस, म्हणाली.