गॅलिसियातल्या म्हातारीनं मायबद्दल विचारलं

१२ एप्रिल १९७९, विगो बंदर

दादाच्या पत्रात पुन्हा तेच, "माय गेली तरी आला काऊन नाई?" तवा भर समुद्रातल्या जहाजावर होतो, गावाले वडनेरले येऊ कसा? स्पेनातला हा गॅलिसिया म्हणे कधीकाळी राज्य होतं. आता नुसते दगड, पाऊस अन् म्हाताऱ्या. पोरं कमवाले समुद्रापार गेली. धक्क्यावरच्या खानावळवाल्या म्हातारीचेही दोघं गेले. तिची बोली पोर्तुगीजसारखी, म्हणून आमच्या जहाजावरच्या गोव्याच्या खानसाम्याले समजते. आज तिनं त्याच्याकडून विचारलं, "तुझी माय आहे?" मी मान हलवली, आहे म्हणून. काऊन हलवली? "मंग आहे तोवर भेटून ये, लेका," म्हणाली अन् ताटात आणखी पाव वाढला. तो खिशात घालून जहाजावर आलो. मान हलवलीच काऊन मी? दादाले लिहिलं, यंदा अखजीले, अक्षय तृतीयेले, पितरांच्या पूजेत मायच्या नावाची पयली घागर तूच भरजो. त्यासाठी दीडशे रुपये पाठवून राह्यलो.