सतरा सक खून

सोमवार, १० नोव्हेंबर. सकाळी ७.१०
दिवाळीची सुट्टी संपली. आजपासून रोज लिहिणार. पाच वाजता उठायचं ठरवलं होतं, पावणेसातला उठलो. थंडी फार. उद्यापासून नक्की.

दुपारी २
पाचवी ब च्या पाढ्यांची चाचणी घेतली. अडतीसपैकी पास सहा. याला मी जबाबदार नाही. मुलांना गणिताची भीती आहे आणि ती शेजारच्या वर्गातल्या सविताबाईंनी घातली आहे. बाई रोज अर्धा तास पाढे म्हणवून घेतात. भिंतीपलीकडून आवाज येतो, मला झोप येते. घोकंपट्टी म्हणजे मेंदूचा खून!
खून. इथेच कल्पना सुचली.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
मोबाईलवर तीन व्हिडिओ बघितले. परदेशात मुलं गुन्ह्याचा तपास करता करता गुणाकार शिकतात. आपल्याकडे कुणी केलं नसेल. निदान आमच्या गंगापूर रोडवर तरी नाही.
गेम तयार. नाव 'खुनाचा गुणाकार'. गोदाकाठच्या एका मिठाईवाल्याचा खून झालाय. प्रत्येक मुलाच्या छातीवर एक नंबर. दर clue मध्ये एक गुणाकार. शेवटच्या गुणाकाराचं उत्तर ज्याच्या छातीवर, तो खुनी.
मिठाईवाल्यावर वार किती? नऊ साते त्रेसष्ट. हत्यार कोयता. त्यानंतर त्याला कढईत टाकतात. मुलांना गोष्ट खरी वाटली पाहिजे.
आदर्श शिक्षक पुरस्कारासाठी प्रस्ताव लिहायला घेतला. नाव, पत्ता आणि 'मी लहानपणापासूनच' एवढं झालं.

बुधवार, १२ नोव्हेंबर
मुख्याध्यापिका देवरे मॅडमना गेम दाखवला. म्हणाल्या, गोरक्ष सर, त्रेसष्ट वार जास्त होतात. मी मोठ्या मनाने बारा चोक अठ्ठेचाळीसवर आलो. कढई काढली. कोयता ठेवला. कुठेतरी ठाम राहावंच लागतं.
मॅडमनी विचारलं, उत्तरं तपासलीत ना? मी हसलो. अठरा वर्षं गणित शिकवतोय.
शिपाई मोतीराममामा प्रेत व्हायला तयार झाले. अट एकच: फरशी गार असते, खाली सतरंजी हवी.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
अडतीस नंबर कापून तयार. रक्तासाठी बीट किसून रस काढला. उज्ज्वला म्हणाली, मिक्सरचं भांडं तुम्हीच घासा. बायकोला उपक्रमाचं महत्त्व कळत नाही. भांडं अजून तसंच आहे.
सराव म्हणून वर्गात थोडं भाषण केलं. गुन्हेगाराला दया नाही! खुनी सापडला की सोडायचा नाही! मुलांचे डोळे चमकले. शेवटच्या बाकावरचा अमोलसुद्धा हसला. एरवी तो तोंड उघडत नाही. पेठ तालुक्यातल्या पाड्यावरचा आहे, आईवडील इथे बांधकामावर.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर. बालदिन. दुपारी ४, दवाखान्यातून
कपाळाला तीन टाके. तरी लिहितोय, कारण उपक्रमाची नोंद ताजी हवी.
सुरुवात उत्तम. मोतीराममामा बीट लावून निजले. चार मुली किंचाळल्या, एक रडली. Engagement शंभर टक्के. मुलांनी धडाधड गुणाकार केले. मी दारात उभा राहून फोटो काढले.
शेवटचा clue: सतरा सक. मी जाहीर केलं, एकशे बारा! एकशे बारा नंबर अमोलच्या छातीवर होता.
मोहिनी नावाची मुलगी उठली. म्हणाली, सर, एकशे दोन येतं. मी तिला बसवलं. गणितात आत्मविश्वास लागतो, एवढं समजावलं. ती पुन्हा उठली. पुन्हा बसवलं.
तोवर वर्गाने अमोलला धरलं होतं. सोडायचा नाही, सोडायचा नाही, असं ओरडत होते. तो म्हणत होता, मी नाय केला, मी नाय केला. कुणीतरी त्याच्या पाठीत पट्टी घातली. इतक्यात मोहिनीच्या बाजूची मुलं ओरडली, एकशे दोन ललितच्या छातीवर आहे, खुनी ललित आहे! त्यांनी ललितला बाकावरून खाली खेचला. मग दोन टोळ्या झाल्या. कंपासपेट्या उडाल्या. एकाने स्टीलची बाटली गोफणीसारखी फिरवली. मोतीराममामा प्रेत असूनही उठून पळाले.
अमोलचं तोंड लाल झालं होतं. मला वाटलं बीट. मी टाळ्या वाजवल्या. वा अमोल, काय acting!
तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने हातावर दात काढून दाखवला.
बाटली मला नंतर लागली.

शनिवार, १५ नोव्हेंबर
शाळेत गेलो नाही. शांतपणे विचार केला. पद्धत चांगलीच आहे. चुका बाहेरच्या: वर्ग लहान, बाटल्या स्टीलच्या, बालदिनी मुलं तशीही चेकाळलेली. एकशे बारा ही लिहिण्यातली चूक. सोळा साते लिहायचं होतं, हात घसरला.
स्पष्टीकरणाची चार पानं लिहिली. त्यात 'प्रायोगिक' हा शब्द अकरा वेळा आलाय.
दात पुढचा होता. परत येणारा नाही, असं डॉक्टर म्हणाले म्हणे.

सोमवार, १७ नोव्हेंबर
मॅडमच्या केबिनमध्ये अमोलची आई भागीबाई. साइटवरून तशीच आलेली, हाताला सिमेंट. शेजारी सविताबाई. दारात मोतीराममामा चहाचा ट्रे घेऊन.
मी चार पानं वाचायला सुरुवात केली. पहिल्या पानावरच भागीबाईने थांबवलं. म्हणाली, सर, तुमचा खुनी कोण ते ऱ्हाऊ द्या. माझ्या पोराला कोणी मारलं ते सांगा.
मी म्हटलं, ते सामूहिक होतं.
ती म्हणाली, घरी बी बोलत नाय आता. वस्तीतली पोरं पण त्याला खुनी म्हणतात. कालपासून जेवला नाय.
मॅडमनी मला शांतपणे विचारलं, सर, सतरा सक किती?
मी म्हटलं, मुद्दा उत्तराचा नाही, संकल्पनेचा आहे.
मॅडम म्हणाल्या, किती?
मी मनात सतरापासून निघालो. चौतीस, एकावन्न, अडुसष्ट. भागीबाई तोंडाकडे बघत होती. पुढचं काही केल्या येईना. पंखा फिरत होता.
एकशे दोन, असं मोतीराममामा दारातून म्हणाले आणि ट्रे ठेवून गेले.
लिहिण्यातली चूक नव्हती. एवढं इथे लिहून ठेवतो. ही वही कुणी वाचत नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर
अमोल आला. बोलताना तोंडावर हात धरतो. मधल्या सुट्टीत त्याच्या बाकावर कुणी बसेना.
चार पानं खिशात होती. काढली नाहीत. वर्गासमोर म्हटलं, सतरा सक एकशे दोन. मोहिनी बरोबर होती. माझं चुकलं. अमोलने काही केलेलं नाही. ललितनेही नाही.
अमोल उभा राहिला. हाताआडून विचारलं, म्हणजे मी खुनी नाय ना?
मी म्हटलं, नाही.
म्हणाला, मोठ्यानं सांगा. मागं ऐकू नाय गेलं.
मोठ्याने सांगितलं. तो बसला नाही. पुन्हा सांगितलं. तेव्हा त्याने मागे वळून सगळ्यांकडे एकदा नीट बघितलं, आणि बसला.

सायंकाळी ६
उद्यापासून पाचवी ब चं गणित सविताबाईंकडे. दाताचा खर्च मी करायचा, ते मीच म्हटलं. मला कार्यानुभव दिलाय, कागदी फुलं. कात्री मुलांच्या हाती द्यायची नाही, आणि माझ्याही नाही, असं मॅडमनी लेखी दिलंय. फुलं फाडून करायची आहेत.