सुतकातली चूल

बिरसी,
१२ नोव्हेंबर २०२४

मोहितभाऊजी,

काल जेवण करून धान कापायला गेलेले हे बांधावरच कोसळले. आज सकाळी पोस्टमार्टेम झालं, दुपारी अग्नी दिला. सुतकात आमची चूल पेटत नाही; तुम्ही यांचे मावसभाऊ, तुम्हाला सुतक नाही, म्हणून रीतीप्रमाणे तुमच्या घरून डबा आला.

दवाखान्यात तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "वहिनी, साप चावला हे सारं गाव सांगून राहिलं. भाऊले कायले फाडाले लावून राहिल्या?" सासूबाईही म्हणाल्या, "चिरलेल्या देहाले मुक्ती भेटत नाही, बाई." मी पोलिसांना एवढंच म्हटलं, "करा."

डॉक्टरांना दंशाची खूण कुठेच सापडली नाही. पोटातलं अन्न नागपूरला तपासायला गेलं आहे. उत्तराला महिने लागतील. तोवर मी कोणाचं नाव घेणार नाही. कालचं जेवण तुमच्याकडे झालं, एवढं मात्र पोलिसांना सांगितलं आहे.

मघाशी तुम्ही दारातून विचारलंत, "जेवल्या का, वहिनी?" मी हो म्हटलं.

हे पत्र तुम्हाला देणार नाही. डबा उघडलेला नाही. आता दाराला कडी लावते आणि चूल पेटवून माझ्यापुरते मूठभर तांदूळ शिजायला घालते.

तुमची वहिनी,
निशा